आईचा आवाज ऐकण्यासाठी हातात घेतलेली माळ

भुसावळच्या एका रेल्वे कुटुंबाची ही हकिगत त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. घरातल्या कर्त्या माणसाला मी इथे गार्डभाऊ म्हणते, कारण गल्लीत त्यांना तशीच हाक मारतात. रेल्वेनं २०२२ मध्ये पदनाम बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, पण भुसावळात गार्ड तो गार्डच.

मी निवृत्त शिक्षिका. धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या परिसरातल्या ख्रिस्ती समाजात, मुलांना धर्मशिक्षण देते आणि रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे मुख्य उपासनेनंतर, फादरांनी नेमून दिलेल्या काही आजारी माणसांच्या घरी ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) घेऊन जाते. या घरात मी ऑक्टोबर २०२३ पासून जाते आहे. पहिले काही महिने मला वाटत होतं की आपण एका आजारी म्हातारीसाठी जातो. तिचा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर बदलत होता, आणि ते माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. या उशिराबद्दलही लिहायचं आहे.

घर

गार्डभाऊंचे आजोबा नगर जिल्ह्यातून आले आणि भुसावळच्या वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, म्हणून लागले. वडीलही रेल्वेतच होते. घर कॅथलिक, मराठी बोलणारं. पवित्र मरियेला ‘मतमाउली’ म्हणणारं आणि सप्टेंबरात हरेगावच्या यात्रेला जाणारं. गार्डभाऊंचा जन्म १९७६ चा. आईचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, म्हणून स्नानसंस्कारही (बाप्तिस्मा) तिकडेच, राहाता तालुक्यातल्या गावी.

२००० साली ते रेल्वेत लागले. दोन वर्षांनी लग्न केलं ते यावल तालुक्यातल्या लेवा पाटीदार कुटुंबातल्या मुलीशी, विशेष विवाह कायद्यानं, महिनाभराची नोटीस लावून. चर्चमध्ये काही विधी झाला नाही. दोन्ही घरं दुखावली होती, कुणाला काही विचारण्याची सोय नव्हती. वहिनींच्या माहेरच्यांनी दोन वर्षांनी आखाजीला बोलावणं धाडलं आणि तिकडची गाठ सुटली. चर्चची गाठ तशीच राहिली. मुलगा झाला, मुलगी झाली, दोघांचाही स्नानसंस्कार झाला नाही.

मालगाडीच्या गार्डला रविवार नसतो हे खरंच आहे. लॉबीतून बोलावणं आलं की निघायचं. खंडवा, बडनेरा, मनमाड. ब्रेकव्हॅनमध्ये एकट्यानं बसायचं, रनिंग रूममध्ये झोपायचं, कुठल्या वारी घरी पोहोचू ते सांगता येत नाही. पण पुढे त्यांनीच मला सांगितलं की ड्युटी हे अर्धं कारण होतं. घरी असलेल्या रविवारीही ते चर्चकडे फिरकत नव्हते. कुणी लग्नाचं विचारलं तर काय सांगायचं, ही धास्ती होती. वीसहून अधिक वर्षं ती धास्ती गाडीच्या वेळापत्रकामागे लपली.

२०२३ मध्ये जे बदललं

ऑगस्टमध्ये आईला पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालणं आलं आणि बोलणं बंद झालं. कळत सगळं होतं, शब्द सापडत नव्हता. पाणी हवं असलं की ती चिडून चादर ओढायची. तोवर ती आपल्या छोट्या घरात एकटी राहत होती. आता तिला गार्डभाऊंकडे आणलं.

नोव्हेंबरमध्ये दुसरी गोष्ट घडली. ठरावीक मुदतीनं होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत गार्डभाऊंची नजर कमी भरली. साखरेनं डोळ्यांवर परिणाम केला होता. रेल्वेच्या भाषेत ते ‘डीकॅट’ झाले, म्हणजे गाडीवरून उतरवून त्यांना कार्यालयात बसवलं. किलोमीटरचा भत्ता गेला आणि झेंड्या, दिवा, शिट्टी परत द्यावी लागली. ज्यांच्या घरात तीन पिढ्या रेल्वे आहे त्यांनाच कळेल, की माणसाला गाडीवरून उतरवणं म्हणजे काय. ते त्या दिवशी घरी आले आणि जेवले नाहीत, असं वहिनी सांगतात. त्याच वर्षी मुलगा शिक्षणासाठी पुण्याला गेला होता.

म्हणजे झालं असं की आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस रोज संध्याकाळी साडेसहाला घरी होता. घरात न बोलणारी आई, मोबाइलमध्ये डोकं घातलेली मुलगी आणि स्वयंपाकघरात बायको. साडेसहा ते नऊ हे अडीच तास त्यांना माहीतच नव्हते.

माळ

मी पहिल्यांदा गेले तेव्हा सवयीनं आईंच्या खाटेशेजारी बसून ‘नमो मरिया’ सुरू केलं. जपमाळेत पहिला अर्धा भाग एक जण म्हणतो, दुसरा अर्धा बाकीचे म्हणतात. मी पहिला भाग म्हणून थांबले. उत्तराची अपेक्षा नव्हती, मीच पुढचं म्हणणार होते. तेवढ्यात आईंनी दुसरा भाग म्हटला. पूर्ण, स्पष्ट, ‘आता आणि मरणाच्या वेळी’सह, आमेनपर्यंत.

दारात गार्डभाऊ उभे होते. त्यांच्या हातातला चहाचा कप कलंडला. झटक्यानंतर दोन महिन्यांनी त्यांनी आईचा आवाज ऐकला होता.

यात चमत्कार नाही, आणि मी त्यांना तेव्हाच तसं सांगितलं याचं मला समाधान आहे. मेंदूच्या डाव्या भागाला इजा होऊन बोलणं गेलेली माणसं पुष्कळदा पाठ झालेलं म्हणू शकतात: आकडे, वार, गाणी, प्रार्थना. मनातलं वाक्य नव्यानं जुळवणं हे एक काम आणि साठ वर्षं जिभेवर असलेलं म्हणणं हे वेगळं काम. वाचा-उपचार करणारे याचा उपयोगही करून घेतात. आईंना ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं, पण माळ म्हणता येत होती.

मात्र एक अडचण होती. उजव्या हातानं मणी सरकवणं जमत नव्हतं आणि डाव्या हाताला सवय नव्हती. मणी सुटला की त्या गोंधळायच्या आणि थांबायच्या. म्हणून रोज संध्याकाळी गार्डभाऊ खाटेशी बसू लागले. आईचा निकामी हात आपल्या हातात धरायचा, तिच्या बोटांत माळ ठेवायची आणि मणी आपण पुढे ढकलायचा. पहिला अर्धा भाग ते म्हणायचे. लहानपणी पाठ केलेलं अर्धवट आठवत होतं, म्हणून माझ्याकडून कागदावर लिहून नेलं. दहा-दहा मण्यांची पाच दशकं आणि सुरुवातीचे तीन मणी, मिळून त्रेपन्न वेळा ‘नमो मरिया’. एक माळ म्हणजे आईचा त्रेपन्न वेळा आवाज.

त्यांनी पुढे मला साफ सांगितलं, “बाई, मी प्रार्थना करत नव्हतो. मी आईला बोलतं करत होतो.” मी यावर खूप विचार केला आहे. आमच्यात काही जणांना हे कारण कमी प्रतीचं वाटेल. मला तसं वाटत नाही. लेकरू आईच्या आवाजासाठी जवळ आलं, इतकंच त्यातलं खरं होतं आणि सुरुवातीला ते पुरेसं होतं. त्या महिन्यांत कुणी त्यांना ‘तुमची श्रद्धा आहे का’ असं विचारलं असतं, तर ते उठून गेले असते.

वहिनींचा वाटा इथे सांगायला हवा. त्या रोज दिवेलागणीला देवापुढे दिवा लावतात. मुक्ताईवर त्यांची श्रद्धा आहे. माळेची वेळ त्यांनी ठरवून दिली. म्हणाल्या, “माझा दिवा झाला की तुमची माळ. मग जेवण. कधी पण केलं तर कधीच होत नाही.” बावीस वर्षं नवऱ्याला वेळापत्रकात बांधता न आलेल्या बाईनं अखेर ते केलं. मी शिकवण्याचं काम आयुष्यभर केलं, पण सवयीबद्दल इतकं नेमकं मला बोलता आलं नसतं.

माझी चूक

डिसेंबर २०२३. नाताळ जवळ आला होता. रोज माळ म्हणणारा माणूस पाहून मला उत्साह आला आणि मी म्हटलं, “भाऊ, आता कन्फेशन करून घ्या. नाताळला आईबरोबर तुम्हीही ख्रिस्तप्रसाद घ्या.” त्यांनी खाली मान घालून लग्नाचं सांगितलं. मला काही माहीत नव्हतं. मी दचकले आणि तोंडातून निघून गेलं, “चर्चमध्ये लग्न नाही? मग तुम्हाला घेता येणार नाही.”

नियम म्हणून ते खरं होतं. कॅथलिक माणसाचं लग्न चर्चच्या रीतीनं किंवा चर्चकडून सूट घेऊन झालेलं नसेल, तर चर्चच्या दृष्टीनं ते वैध धरलं जात नाही आणि ते नीट होईपर्यंत त्या व्यक्तीला ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. पण नियमाचं एवढंच वाक्य मी बोलले आणि थांबले. ‘नीट होईपर्यंत’ हे म्हटलंच नाही. ते नीट करता येतं, बऱ्याच घरांचं झालेलं आहे, त्यासाठी बायकोला धर्म बदलावा लागत नाही, यातलं एक अक्षर नाही. आणि स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की तुमचं लग्न लग्न नाही.

पुढचे आठ रविवार मी गेले तेव्हा गार्डभाऊ घरी नव्हते. दार वहिनी उघडायच्या, पाणी द्यायच्या, बोलायच्या नाहीत. फेब्रुवारीत मी धीर करून त्यांची माफी मागितली. मी समजत होते की त्याच आडव्या आल्या असतील, घरातला दुसरा धर्म ओढत असेल. त्या म्हणाल्या, “मी कशाला अडवू? माळ रोज होऊन राहिली. ते तुमच्यावर रागावले नाहीत, घाबरले. आणि बाई, मला एक सांगा, मग बावीस वर्षं आम्ही काय होतो?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तो जसाच्या तसा फादरांकडे नेला.

१४ फेब्रुवारी २०२४ ला राखेचा बुधवार होता; ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ त्या दिवशी सुरू होतो. मी निरोप ठेवला की कपाळावर राख घ्यायला कुठलीही अट नसते, कुणीही घेऊ शकतं, मिस्सेला बसायलाही कुणाला मनाई नसते. गार्डभाऊ आले. शेवटच्या बाकाच्याही मागे, खांबाला टेकून उभे राहिले. मी वळून पाहिलं नाही. त्या दिवशी घरी उपास म्हटल्यावर वहिनींनी विचारलं होतं म्हणे, “आमच्यात साबुदाणा चालतो, तुमच्यात चालतं काय?” एक पोटभर जेवण, दोन वेळा थोडं थोडं, मांस नाही, हे ऐकून त्या म्हणाल्या की हे तर सोपं आहे. साखरेच्या रुग्णानं प्रकृती सांभाळूनच उपास करावा, हेही मी कळवलं होतं.

कागद

फादरांनी दोघांना बोलावलं, आधी एकत्र, मग वेगवेगळं. वहिनींच्या प्रश्नाचं त्यांनी दिलेलं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं, कारण मिश्र विवाह झालेल्या पुष्कळ घरांना ते माहीत नसतं.

असं लग्न चर्चमध्ये वैध करून घेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात दोघांनी फादर आणि दोन साक्षीदारांपुढे नव्यानं संमती द्यायची असते. वहिनींना ते अपमानाचं वाटलं असतं. दुसऱ्या मार्गाचं लॅटिन नाव ‘सानात्सिओ इन रादिचे’, म्हणजे मुळाशी जाऊन बरं करणं. त्यात नवी संमती मागत नाहीत. दोघांनी पूर्वी दिलेली आणि आजही टिकून असलेली संमतीच चर्च मान्य करतं, वेगळ्या धर्माच्या अडथळ्यातून आणि चर्चमधल्या विधीतून सूट मिळते आणि त्याचे धार्मिक परिणाम लग्नाच्या दिवसापासून धरले जातात. हा अधिकार धर्मप्रांताच्या बिशपांना आहे. वहिनींनी दोनदा विचारून खात्री केली, “म्हणजे २००२ पासूनच?” फादर हो म्हणाले. त्यानंतर त्यांचा आवाज बदलला.

कॅथलिक जोडीदारानं दोन गोष्टींचं वचन द्यायचं असतं: आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी आपल्या परीनं शक्य ते करीन. दुसऱ्या जोडीदारानं वचन द्यायचं नसतं, नवऱ्यानं काय कबूल केलं आहे ते त्याला माहीत असलं पाहिजे. मुलं वीस आणि सोळा वर्षांची. फादर गार्डभाऊंना म्हणाले, या वयाच्या मुलांना ओढून आणायचं नसतं, तुम्ही घरात कसे जगता तेच आता तुमचं शिकवणं.

स्नानसंस्काराचा ताजा दाखला लागतो. जुना चालत नाही, कारण स्नानसंस्काराच्या नोंदवहीतच पुढे दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा नंतरचा संस्कार) आणि विवाह यांची नोंद करतात आणि दाखल्यावर ती उतरवून येते. सप्टेंबर २०२४ मध्ये गार्डभाऊ त्यासाठी निघाले. मनमाडला गाडी बदलली आणि बेलापूर स्टेशनला, म्हणजे श्रीरामपूरला, उतरले. हरेगावची यात्रा त्याच दिवसांत होती. आई आता जाऊ शकत नव्हती, तिच्या नावाची मेणबत्ती त्यांनी लावली. आयुष्यभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसलेला माणूस सवारी गाडीत खिडकीशी बसून गेला, याचंच त्यांना नवल वाटत होतं.

गावच्या चर्चमध्ये १९७६ ची वही काढली. तेव्हा तो भाग पुणे धर्मप्रांतात होता. नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये वेगळा झाला आणि आमचं भुसावळही आता त्यातच येतं. पान सापडलं. त्यांचं नाव, आईवडिलांची नावं, फादरांची सही. आणि विवाहाची नोंद करायची जागा कोरी. ते मला म्हणाले, “बाई, मी गाडी सोडताना रजिस्टर रिकामं ठेवलं नाही कधी. इथं माझीच जागा रिकामी होती.”

बिशपांचं पत्र फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं. समारंभ नव्हता. वहिनींनी खापरावरचे मांडे केले आणि मला बोलावलं. त्या वहीत आता नोंद झाली आहे.

त्यानंतर

उपवासकाळात त्यांनी कन्फेशन केलं, चोवीस वर्षांनी. त्याबद्दल मला काही माहीत नाही आणि असू नये. १९ एप्रिलच्या रात्री ईस्टरच्या जागरणविधीत त्यांनी ख्रिस्तप्रसाद घेतला. दोन दिवसांनी, सोमवारी, पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. त्या संध्याकाळी कुणी बोलावलेलं नसताना गार्डभाऊ चर्चमध्ये येऊन बसले होते. मला विचाराल तर ईस्टरच्या रात्रीपेक्षा मला ही संध्याकाळ मोठी वाटते. आधीच्या प्रत्येक वेळेला कुणाचा तरी निरोप होता.

माणूस किती बदलला? आईला अंघोळ घालताना आता ते चिडत नाहीत. पूर्वी चिडायचे, हे मी पाहिलं आहे. कार्यालयातल्या कामाबद्दलची कडवट भाषा गेली. गाडीचं स्वप्न मात्र पडतं. दर रविवारी मिस्सेला येतातच असं नाही. धर्मग्रामाच्या बैठकांना बोलावलं तर टाळतात, गर्दीत त्यांना बोलता येत नाही. मुलगा फोनवर ‘चांगलं आहे बाबा’ एवढंच म्हणतो. यातलं काही मला अपुरं वाटत नाही.

एकदा ऑडिटमुळे त्यांना यायला उशीर झाला. मी काही कामानं गेले होते. पाहते तर वहिनी खाटेशी बसलेल्या, सासूबाईंचा हात हातात, माळ सरकवत होत्या. पहिला अर्धा भाग त्यांना ऐकून ऐकून पाठ झाला होता. मला पाहून थोड्या संकोचल्या. “चालतं ना?” मी म्हटलं, चालतं. “आईंना वेळ चुकलेली कळते,” त्या म्हणाल्या आणि पुढचा मणी धरला. त्यांचा दिवा शेजारच्या खोलीत लागलेला होता.

सध्या एक छोटा वाद चालू आहे. माळेच्या प्रत्येक दशकाला येशू-मरियेच्या जीवनातला एक प्रसंग आठवतात, त्याला ‘रहस्य’ म्हणतात, आणि कुठल्या वारी कुठली रहस्यं ते ठरलेलं असतं. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जपमाळेत प्रकाशाची रहस्यं जोडली आणि त्यांना गुरुवार दिला. आईंची सवय त्याआधीची. त्यांच्या लेखी गुरुवार आनंदाच्या रहस्यांचा. गार्डभाऊंनी प्रकाशाचं पहिलं रहस्य सुरू केलं की त्या डाव्या हातानं खाट वाजवतात. तेव्हा गुरुवारी आईच्या मताप्रमाणे होतं. गेल्या गुरुवारी पाचवं रहस्य आलं: बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो ते. दाराशी मोबाइल घेऊन बसलेल्या मुलीनं मान वर न करता विचारलं, “तीन दिवस पोरगा हरवला आणि त्यांना आधी कळलंच नाही?”

गार्डभाऊंना उत्तर आलं नाही. त्यांनी रात्री मला फोन केला. मी म्हटलं, उत्तर माझ्याकडून नेऊ नका. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढा, एकेचाळिसाव्या ओवीपासून पुढे तुम्हीच तिला वाचून दाखवा. ते म्हणाले, आई झोपली की वाचतो.